पंपाच्या खोलीमागची रुई

आबा, लिहायला फार उशीर झाला, राग धरू नका. तुम्ही गेलात तेव्हा माझी मिशी काळी होती आणि आता पेन धरला की हात हलतो, म्हणजे उशीर किती ते तुम्हीच समजा. मध्ये कधी लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण लिहायचं काय? आम्ही खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवा, असलं पत्र आलं की तुम्ही ते चुलीत सारायचात आणि म्हणायचात, "खुशाल असते तर लिहिलं नसतं." आज खुशाली नाही म्हणून लिहितो. मला सध्या माणसांची शिसारी येते. जेवताना येते, झोपताना येते, देवापुढे उभा राहिलो तर जास्तच येते. हे सांगावं कुणाला? या कलकत्त्यात माझी भाषा समजणारी जी चार घरं आहेत त्यांच्यामुळेच तर ही शिसारी आहे. घरात मुलगा आहे, पण हनुमान जयंतीपासून तो माझ्याशी बोलत नाही आणि मी त्याच्याशी बोलत नाही. सगळं एका रुईच्या झाडापायी. दुसरा कुणी हसला असता. तुम्ही हसणार नाही हे मला ठाऊक आहे.

मुलगा बँकेत साहेब आहे. त्याच्या वरही साहेब आहेत, खालीही बरेच आहेत, मधल्या माणसाचे जे हाल होतात ते त्याचे होतात. बदली होऊन तो इकडे आला. तुमची सून गेल्यावर मी गावी एकटाच होतो, रात्री उठून उठून कडी बघायचो, गॅस बघायचो, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तुम्ही असे वेडे व्हाल, चला माझ्याबरोबर." आता इथे उठून उठून कडी बघतो. सॉल्ट लेक म्हणून भाग आहे, तिथे बँकेच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. आलो त्या दिवशी खाली हिरवळ दिसली म्हणून मी चप्पल काढून तिच्यावर पाय ठेवला आणि तळवा भाजला. आबा, प्लॅस्टिकचं गवत! ऊन चढलं की त्याला तापलेल्या टायरचा वास येतो. मी सगळा जन्म एसटीच्या डेपोत टायर काढण्या-घालण्यात घालवला, मला तो वास कळतो. आणि रविवारी एक माणूस येऊन त्या गवताला पाइपने आंघोळ घालतो, धूळ बसू नये म्हणून. कडेला कुंड्या आहेत. त्यांतली झाडं टेम्पोतून येतात आणि मेली की टेम्पोतूनच जातात. मध्येच एखादा माणूस तोंडाला फडकं बांधून औषध फवारून जातो. सगळ्या आवारात एक फुलपाखरू नाही. झुरळं मात्र मरत नाहीत, ती पाइपातून आमच्या स्वयंपाकघरात येतात आणि मी पहाटे पाणी प्यायला उठलो की मला मिशा हलवून दाखवतात.

पंपाच्या खोलीमागे एक पट्टा आहे, भिंत आणि खोलीच्या मधला. बिल्डिंग बांधताना उरलेल्या विटा, फरशीचे तुकडे, वाळू, सगळं तिथे लोटलेलं. वर सज्जा पुढे आलेला, त्यामुळे पावसाचं पाणीही तिथे धड पोचत नाही. माळ्याने तिथे काय काय लावून पाहिलं, सगळं गेलं. मी संध्याकाळी कालव्याच्या काठाने फिरायला जातो. पाणी काळं आहे, वास असा की नाकाला रुमाल लावावा लागतो, पण फिरायला दुसरी जागा नाही. तिथे उतारावर, कचऱ्यात, एक दिवस मला रुई दिसली. एक नाही, रांगच. इथले लोक तिला आकंद म्हणतात आणि तिची फुलं शंकराला वाहतात. मला, आबा, तिथे उभ्या उभ्या तुमच्या बिडीचा वास आला. अंगठ्याएवढी एक फांदी मी मोडून आणली, तिचा चीक गॅलरीत कागदावर सुकू दिला आणि मग त्या वाळू-विटांत खोचली. वॉचमन बिहारचा आहे, तो हातावर तंबाखू मळत बघत होता. म्हणाला, "बाबा, ई अकवन काहे लगाए? घर में नहीं लगाते, घर उजड़ जाता है।" मी म्हणालो, "घर हमारा नहीं है, बँक का है. बँक का उजडने दो." तो इतका हसला की तंबाखू सांडली.

तिला मी काही दिलं नाही. खत नाही, पाणी नाही. तुमच्या रेल्वेच्या केबिनपाशी तिला कोण काय देत होतं? मला ते स्टेशन दिसतं. चारी बाजूंना पिवळं रान, रुळांची खडी तापलेली, आणि पाण्याची वाघीण, मालगाडीचा टाकीवाला डबा, येईल म्हणून बायका हंडे घेऊन सकाळपासून फलाटावर बसलेल्या. तुम्ही पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे, खाकी शर्टाच्या पाठीवर मिठाचे नकाशे. बाभळीसुद्धा वाळल्या आहेत आणि केबिनच्या कडेला, खडीतून, रुई उभी आहे, जाड जाड पानांची, कुणाची पर्वा नसल्यासारखी. त्या मुलखातले सगळे भुंगे तिच्यावर. रेल्वेच्या गँगची माणसं कोयता घेऊन लाइनीच्या कडेचं सगळं कापत येतात आणि तुम्ही केबिनच्या पायरीवरून ओरडता, "ती कापायची नाही रे! तिच्यावर बिऱ्हाडं आहेत." तुम्हाला पाखरांची माया होती असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला लिहू. तुम्हाला तुमच्या गुडघ्याची काळजी होती. आई संध्याकाळी चुलीवर रुईचं पान शेकायची, त्याला एरंडेल लावायची, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय लांब करून बसायचात. भाकरीचा वास आणि एरंडेलाचा वास, दोन्ही एकत्र. अजूनही कुणी ताजी भाकरी वाढली की मला आधी एरंडेल आठवतं आणि घास फिरतो. पण बिऱ्हाडं आहेत हे तुमचं बोलणं खरं होतं. मी त्या पानांच्या मागे पट्टेरी सुरवंट बघितलेत, काळे-पांढरे-पिवळे, पाठीवर शिंगं असलेले. चिमुकलं जांभळं पाखरू फुलांत चोच घालायला यायचं आणि बोंडं फुटली की त्याची मादी तो कापूस घरट्याला न्यायची. उरलेला कापूस तुम्ही गोळा करायचात. मी सातवीनंतर शाळा सोडून डेपोत चिकटायला निघालो तेव्हा तुम्ही मला त्याची उशी दिलीत, आईच्या जुन्या लुगड्याचा अभ्रा घातलेली. दिलीत म्हणजे काय, माझ्या पिशवीवर टाकलीत आणि म्हणालात, "मान आखडू देऊ नकोस." फार घसरायची ती उशी, झोपेत डोक्याखालून पळून जायची. पण गार असायची. डेपोतल्या पत्र्याखाली दुसरं काहीच गार नव्हतं.

तर ही पंपाच्या खोलीमागची रुई दोन पावसाळ्यांत माझ्या खांद्याला लागली. पहिली फुलं आली तेव्हा मी सुनेला हाताला धरून खाली नेलं. ती म्हणाली, "छान आहेत हं बाबा," आणि फोन आला म्हणून वर गेली. मग एक काळा भुंगा आला. मग ते पाखरू आलं, इथे त्याला मौटुशी म्हणतात. आणि एके दिवशी केशरी फुलपाखरू, काळ्या काठाचं, एकेका पानाच्या मागे शेपटी टेकवत गेलं, आणि पुढे पानांना भोकं पडू लागली. भोकं बघून मला इतका आनंद झाला की मी वॉचमनला चहा पाजला. आनंद झाला तशी काळजीही लागली. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. सुरवंट दिसले नाहीत की वाटायचं पाखरांनी खाल्ले. फार दिसले की वाटायचं पानं पुरणार नाहीत. डासांचं धुराडं घेऊन माणूस आला की मी जिना उतरून धावायचो आणि झाडावर जुनी चादर टाकायचो. तो म्हणायचा, "दादू, ओटा की ठाकुर?" म्हणजे हा काय देव आहे का. मी म्हणायचो, हो, देव आहे, तू पलीकडे धूर सोड. पिवळा मावा, ती पानांवरची बारीक कीड, पडला तेव्हा तर जेवण गेलं नाही. बोटांनी पुसून काढला, बोटं चिकट पिवळी झाली, इतकी घाण वाटली, पण काढला.

देवाचं नाव निघालं, आता देवाच्या माणसांचं सांगतो. आधी तळमजल्यावरच्या मासीमा सोमवारी फुलं न्यायच्या. "दादा, दुटो फूल नेबो?" त्यांचे दोन म्हणजे ओंजळभर, पण विचारून न्यायच्या आणि पान तोडायच्या नाहीत. त्यांचं मी चालवून घेतलं. पुढे आमच्या मराठी मंडळींना पत्ता लागला. पाचव्या मजल्यावर माझ्या मुलाचे साहेब राहतात, आपल्याकडचेच, आणि त्यांच्या बाई इथल्या मराठी घरांच्या पुढारी. हळदीकुंकू त्यांच्याकडे, गणपती त्यांच्याकडे. शनिवारी मारुतीला रुईची माळ हवी आणि ती इथे बाजारात मिळत नाही, हे त्यांचं मोठं दुःख.

"काका, तुमच्याकडे रुई आहे म्हणे!" खालूनच ओरडत आल्या. "अहो, मी किती वर्षं शोधतेय. एकदा भावाने पुण्याहून विमानाने आणली, पोचेपर्यंत काळी पडली."

मी म्हणालो, "ताई, कालव्याच्या काठाला रुईच रुई आहे. तुमची गाडी रोज तिथूनच जाते."

"ई! ती? तिथे लोक काय काय करतात, काका. ती देवाला कशी वाहायची? तुमची कशी घरची, स्वच्छ."

"हिच्यावर अळ्या आहेत."

"असू देत हो, झटकून घेऊ."

झटकून घेऊ! शनिवारी त्या आल्या, पुढच्या शनिवारी आणखी दोघी आल्या, मग मोलकरणींच्या हातात पिशव्या देऊन पाठवू लागल्या. पान बघून तोडायचं, भोक नसलेलं, डाग नसलेलं. मागे पांढरा ठिपका दिसला, म्हणजे फुलपाखराचं अंडं, की बोटाने खरवडायचं आणि बोट भिंतीला पुसायचं. सुरवंट दिसला की किंचाळायचं आणि चपलेने रगडायचं. मारुतीसाठी! ज्याला आपण शेपटीचा देव म्हणतो, जंगलात राहिलेला, त्याच्यासाठी. पंपाच्या भिंतीवर बोटांचे हिरवे फराटे आणि खाली चुरडलेला लगदा, त्यावर मुंग्या. मी रोज सकाळी तो पाणी टाकून धुवायचो आणि मला ओकारी यायची. काही बोलायचं तर मुलाचं तोंड आठवायचं. मी शनिवारी काठी घेऊन झाडापाशी खुर्ची टाकून बसू लागलो, तर त्या म्हणाल्या, "काकांची केवढी श्रद्धा! राखण करतात." अशा माणसांपुढे काय करायचं असतं, आबा?

हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी साहेबांच्या घरून निरोप आला की यंदा पुरी एकशेआठ पानांची माळ करायची, तेव्हा झाडाची पानं काढून ठेवावीत. झाडावर तितकीच असतील नसतील, आणि त्यांच्यावर सुरवंट भरात आलेले, बोटाएवढे. आणखी थोडे दिवस खाल्लं असतं तर ते कोष करून बसले असते. मी निरोप घेऊन आलेल्या बाईला सांगितलं, पानं नाहीत. संध्याकाळी मुलगा कामावरून आला तो बूट न काढताच माझ्या खोलीत आला.

"बाबा, तुम्ही नाही म्हणालात?"

"म्हणालो."

"एक दिवस. वर्षातून एक दिवस द्या ना. पानं परत येतात, तुम्हीच सांगता."

"पानं येतील. त्यांच्यावर आहेत ते नाही येणार."

"अळ्या आहेत बाबा त्या!" तो ओरडला. मग खाली बसला आणि हळू बोलला, आणि ते मला जास्त लागलं. "माझी बदली साहेबांच्या सहीवर अडलीय. पुण्याला जायचंय ते काय माझ्या हौसेला? तुम्हालाच इथे राहवत नाही. तुम्हीच रात्री दारं तपासत फिरता. आणि मी त्यांना काय सांगू, आमचे वडील अळ्या पाळतात?"

"सांग."

"वर लोक हसतात, माहीत आहे का तुम्हाला?"

"खालीपण हसतात," मी म्हणालो. "वॉचमन तर रोज हसतो. त्याचं हसणं मला चालतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासायला उठलो तर मोरीचा नळ धो धो चाललेला आणि मुलगा वाकून डोळा धरून उभा. स्वयंपाकघरातली कात्री बाजूला, तिला पांढरा चीक लागलेला, शर्टावर चिकाचे थेंब. मला विचारावं लागलं नाही. त्याने स्वतः जाऊन सगळं कापलं होतं. मोलकरणीला पाठवलं नाही, स्वतः गेला, पहाटे, मी उठायच्या आत. चीक डोळ्यात उडाला होता, डोळा लाल भोपळा. मी म्हणालो, "चोळू नकोस. पाण्याखाली धर." ते माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं. खाली गेलो तर झाड म्हणजे काठ्या. शेंड्याची कोवळी पानंसुद्धा नव्हती, आकडा पुरा करायला तीही घेतलेली. तीन-चार सुरवंट खाली पडून उघड्या काठीवर चढत होते, वर जाऊन तोंड इकडेतिकडे फिरवत होते, आणि परत उतरत होते.

आणि मला त्या दिवशी वर जावं लागलं, आबा. सून म्हणाली, "बाबा, निदान पाच मिनिटं या, नाहीतर फार वाईट दिसेल." तसबिरीला ती माळ घातलेली. पानांवर शेंदराने राम लिहिलेला. आरती झाली, सुंठवडा वाटला, आणि साहेबांच्या बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की ही माळ काकांच्या घरच्या रुईची, काकांनी प्रेमाने वाढवलेली. टाळ्या वाजवल्या. मला नारळ दिला! मी नारळ हातात घेऊन उभा. तेवढ्यात माळेतून एक सुरवंट निघाला, तसबिरीच्या काचेवरून मारुतीच्या पायापर्यंत आला, तिथून प्रसादाच्या ताटाकडे निघाला. एकीने "ई!" केलं, एकाने कागदी रुमालात चिमटीत धरला, चिरडला आणि तो बोळा खिशात घातला, कारण देवघरात कचऱ्याची टोपली नव्हती. सगळे हसले. माझ्या तोंडात सुंठवडा होता. तो मी नारळाआड रुमालात थुंकला. देवाचा प्रसाद थुंकला, लिहायला लाज वाटत नाही. दोन दिवसांनी ती माळ निर्माल्य म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून कालव्याकडे पाठवली, आणि नेणाऱ्याने ती कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या ढिगावर टाकली. मी ती सोडून बघितली. का बघितली कोण जाणे. आतून वाफ आली. पानं शिजल्यासारखी काळी, आणि त्यांत ते सुरवंट. एकही हलत नव्हता. हाताचा वास दिवसभर गेला नाही, साबणाने नाही, लिंबाने नाही.

तेव्हापासून घरात असं आहे. तो ताटावर बसतो, मी ताटावर बसतो, मध्ये सून. "त्यांना भात हवाय का विचार." "त्याला सांग, माझी गोळी संपली." गोळी संध्याकाळी उशाशी येऊन पडलेली असते. बदलीचं काय झालं ते मला कुणी सांगत नाही आणि मी विचारत नाही. मी मनातल्या मनात त्याला लाचार म्हणतो, ताटावर घास हातात घेऊन म्हणतो. आणि ते म्हणताना, आबा, तुम्ही मध्ये येता. मला इतकी वर्षं तुमचं ते केबिनच्या पायरीवरून ओरडणंच आठवत होतं. आता दुसरंही आठवतं. स्टेशनमास्तरांच्या बाईही शनिवार करायच्या. तुम्ही दर शनिवारी पहाटे धुतलेल्या फडक्यात पानं घेऊन त्यांच्या दाराशी जायचात, अनवाणी, आणि बाहेरूनच म्हणायचात, "बाई, पानं." ज्या वर्षी पाऊस अजिबात आला नाही त्या वर्षीसुद्धा. तेव्हा झाडावर मोजकी पानं होती, आणि तुम्ही ती सगळी नेलीत. क्वार्टर मास्तरांच्या हातात होतं, पाण्याच्या वाघिणीची पाळी त्यांच्या हातात होती, हे मला आज कळतं. तेव्हा मी आईच्या देखत तुम्हाला म्हणालो होतो, "तुम्ही रेल्वेचे नोकर की बाईंचे?" मला वाटलं तुम्ही मारणार. तुम्ही मारलं नाही. तुम्ही बोलणं सोडलंत. त्याच चुलीपाशी आपण दोघं भाकरी खायचो आणि आई मध्ये बसून ताटं सरकवायची. तुमचीही मला शिसारी आली होती, आबा. पुष्कळ दिवस होती.

आता मुख्य गोष्ट. रुईला पानं फुटली आहेत. कापल्यावर ती फुटतेच. पण मुलगा रोज सकाळी कामावर जायच्या आधी खाली जातो आणि तिला पाणी घालतो. गळ्यात टाय, हातात बादली. टाय पाण्यात पडू नये म्हणून शर्टाच्या दोन बटनांमध्ये खोचलेला. विटा रचून त्याने बुडाशी आळं केलंय, पाणी वाहून जाऊ नये म्हणून. कुठूनतरी फोनवरून शेण मागवलं, चकचकीत पिशवीतलं शेण, वर गाईचं चित्र, तेही घातलं. ते बघून मला हसावं की थुंकावं कळेना. रुईला कुणी रोज पाणी घालतं का? कालव्याच्या उतारावर पाणी ठरत नाही म्हणून ती तिथे जगते. इथे आळ्यात चिखल झालाय, डास झालेत, आणि बुडाशी साल काळी आणि मऊ पडायला लागली आहे. काल नखाने दाबून बघितली, आतून पाणी आलं आणि नासलेला वास आला. असंच चाललं तर ती मरेल. सुरवंटांनी मारली नाही, बायकांनी मारली नाही, ती हा मारणार, माफी मागता येत नाही म्हणून बादल्या ओतून ओतून.

मी सुनेला म्हणालो, "त्याला सांग, पाणी बंद कर." ती पोळी लाटत होती. लाटणं ठेवून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "बाबा, भाताचं सांगते, गोळ्यांचं सांगते. हे तुमचं तुम्ही सांगा. मी काय टपाल आहे?" तिचं खरं आहे. आळं मोडून टाकायला मी एकदा खाली गेलोही. वीट उचलली आणि परत ठेवली. त्याने त्या विटा धुऊन लावल्यात, आबा. बांधकामातून उरलेल्या, फेकलेल्या विटा, पण आधी धुतल्यात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला समजतं, सातवी झालेला माणूस आहे मी. पण टाकायचं नाही म्हणून एक लिहून टाकतो. सकाळी तो खाली गेला की मी खिडकीच्या पडद्याआड उभा राहतो. पाणी वाईट आहे हे माहीत असून गप्प राहतो, कारण त्या दिवसापासून तो माझ्यासाठी करताना दिसतो ते एवढंच, आणि मी थांब म्हणालो की तो थांबेल. मग सकाळी मी काय बघू? पण झाड जाईल. तेव्हा मला एक तेवढं सांगा. त्या वर्षी आपण परत बोलायला लागलो, ते आठवतं, आई रडली होती तेही आठवतं. पण आधी कोण बोललं, तुम्ही का मी? आणि पहिला शब्द काय होता? मी खूप आठवून बघतो, मला सापडत नाही. आळ्यात पाणी साठलेलं आहे आणि उद्या सकाळी तो परत बादली भरेल. लवकर कळवा.